सोमवारच्या स्लिपा

नानांची सही वाईट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनी कबूल केलेलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बारा-बारा तास मागापुढे उभे राहणारे, कमी बोलणारे, आणि कुणाला नाही म्हणता न येणारे. मी चौथीत असताना त्यांनी शेजारच्या मागावरच्या माणसाला पतसंस्थेत जामीन म्हणून सही दिली. तो माणूस एके दिवशी बायकोमुलांना घेऊन भिवंडीला निघून गेला, आणि पतसंस्थेची दोन माणसं आमच्या दारात येऊन बसायला लागली. ती शिव्या देत नसत, आवाज चढवत नसत. नुसती बसत. पाणी मागून पीत, आणि गल्लीतून जाणारा कुणी थांबला की त्याला सांगत, "वसुलीला आलोय." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अम्माचं शिलाई मशीन उचलून नेलं. मी तेव्हा पाण्याच्या पिंपामागे बसले होते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पिंप मोठं होतं आणि मी त्यामागे पुरती मावत होते. मशीन टेम्पोत चढवताना त्याचं पायडल आपलं आपण हलत होतं, तेवढं मला दिसलं.

तेव्हापासून घरात कुठलाही कागद आला की नाना दोन्ही हात पाठीमागे घेत. "माझी सही वाईट हाय," म्हणत. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा अम्माच अंगठा उठवायची.

आणि मी तर जन्माची भित्री. कुत्र्याला भिते, लिफ्टला भिते, अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून बंद होईपर्यंत श्वास रोखून बसते. अम्मा म्हणते, हिला जन्माला यायचीसुद्धा भीती वाटत होती, दोन दिवस नुसत्या कळा दिल्या. अशा मुलीने साडेतीन लाखांचं कर्ज काढायचा हट्ट धरावा, याचं मला आजही नवल वाटतं.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. पण अम्मा चिडली, घाबरली किंवा हिशेबाला बसली की मराठीत शिरते, तेही अस्सल सोलापूरच्या, म्हणून इथे तिचं बोलणं तसंच लिहिते आहे.

अम्मा विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली पानं, बाजूला दोऱ्याचं रीळ. पंचवीस विड्या झाल्या की त्यांची जुडी बांधायची आणि पुढची घ्यायची. मला आठवतं तेव्हापासून तिची पाठ भिंतीला आणि डोळे सुपात. विडी कारखान्यात तिच्या नावाचं एक कार्ड आहे. पान-तंबाखू घेतलं की ते कार्डावर चढतं, विड्या दिल्या की त्याही चढतात, खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा होतात, सणाला घेतलेली उचलसुद्धा त्यावरच लिहिली जाते. शनिवारी पगार करताना कारखाना आपलं जे काही असेल ते स्वतःच कापून घेतो आणि उरलेलं रोख हातावर ठेवतो. एका बाईचं एक कार्ड, देणं-घेणं सगळं त्यात. अम्माला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात, आणि कार्डावरचा एक आकडा चुकला तर ती कारखान्यातल्या माणसाला तिथेच उभं करून दुरुस्त करायला लावते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या कार्डाच्या सवयीमुळे झालं.

बारावीनंतर मला पुण्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. अर्धी फी सरकार भरणार होतं. उरलेली फी, वसतिगृह आणि मेस असे चार वर्षांचे साडेतीन लाख आम्हाला लागत होते. गल्लीतल्या बायकांनी लगेच हिशेब मांडला, की एवढ्यात पोरीचं लग्न होऊन वर भांडी येतात. चौथ्या दिवशी विड्या वळता वळता मान वर न करता अम्माने विचारलं, "न्हाई फिटलं तर काय नेतात?"

"काही नेत नाहीत अम्मा. शिक्षणाच्या एवढ्या कर्जाला तारण लागत नाही."

"मशीनच्या येळंला तरी कुटं तारण होतं?"

मग तिने विचारलं, "नोकरी लागंल?"

"लागेल," मी म्हणाले. इतकं छातीठोक मी त्याआधी काहीच बोलले नव्हते, आणि मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

कर्जाला माझ्यासोबत घरातलं कमावतं माणूस लागत होतं. नानांची सही वाईट आणि पतसंस्थेच्या यादीत त्यांचं नावही वाईट, त्यामुळे अम्मा आली. लग्नाकार्याची साडी नेसून, डोक्याला तेल लावून, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बँकेतल्या साहेबांनी छोटं मशीन पुढे सरकवलं आणि अंगठा ठेवायला सांगितला. मशीनने अंगठा घेतला नाही. पुसून ठेवला, तरी नाही. दुसऱ्या हाताचा ठेवला. मग तर्जनी, मधलं, एकेक करत सगळी बोटं. वीस वर्षं पान चोळून चोळून अम्माच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. साहेब कंटाळले नाहीत, ओला रुमाल दिला, पुन्हा ठेवा म्हणाले. अम्माच्या कपाळावर घाम आला. आपल्यामुळे पोरीचं कर्ज अडलं असं तिला वाटत होतं.

आणि मी, जिने हे सगळं मागून घेतलं होतं ती मी, शेजारच्या खुर्चीवर बसून मनात म्हणत होते, नको घेऊस, देवा, एकही बोट घेऊ नकोस. मशीनने नाही म्हणावं आणि आम्ही घरी जावं. दोष कुणाचाच नाही, कर्जही नाही. डाव्या हाताची करंगळी ठेवल्यावर मशीनने टुंग केलं. अम्मा हसली.

साहेब म्हणाले, शिक्षण होईपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. मला हायसं वाटलं. अम्माला मुळीच आवडलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "असं कुटं असतंय काय? उचल घेतली की त्याच आठवड्यापासनं कापाय पायजे. न कापता साचलं की ते दारात यिऊन बसतंय." माझ्या नावाचं एक बचत खातं उघडलं होतं, त्याचं पुस्तक तिने पिशवीत ठेवलं. एटीएम कार्ड मी घेतलं. दुसऱ्या आठवड्यात मी शेंगाचटणीचे दोन डबे आणि कडक भाकऱ्यांची चवड घेऊन पुण्याला गेले.

पुण्यात मी चार वर्षं भीत भीतच शिकले. वर्गातल्या मुली परीक्षेला भ्यायच्या, मी परीक्षेत कर्जाला भ्यायचे. एखादं गणित अडलं की मला दारात बसलेली ती दोन माणसं दिसायची. ती पाणी मागतील, आणि या वेळी नेण्यासारखं घरात काय उरलंय, याची मी पेपर लिहिता लिहिता यादी करायचे. फ्रिज. नानांची सायकल. अम्माचे कानातले. मग पर्यवेक्षक म्हणायचे, अर्धा तास राहिला.

या सगळ्यात एकच गोड गोष्ट होती. दर सोमवारी दुपारी फोनवर मेसेज यायचा, खात्यात दोनशे रुपये जमा. पहिल्यांदा आला तेव्हा मी घरी फोन केला. "अम्मा, दोनशे पोचले."

"पोचणारच की," ती म्हणाली, आणि नळाला पाणी आलंय म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर आम्ही यावर कधी बोललो नाही. आमच्याकडे पैशाविषयी फोनवर बोलायची पद्धतच नव्हती. फोन नानांचा, आणि पैशाचा विषय निघाला की नाना उठून बाहेर जात. मला वाटलं, अम्मा मला खर्चाला पाठवते आहे. सोमवारची मी वाट बघायला लागले. मेसचा कंटाळा आला की त्यातून डोसा. एकदा सँडल. मैत्रिणीच्या वाढदिवसाला वर्गणी. शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी सगळ्या मुली केस सरळ करून आल्या, तेव्हा मीही पार्लरमध्ये जाऊन अठराशे रुपये देऊन माझे कुरळे केस सरळ केले. नऊ सोमवारचे पैसे. तेव्हा मी ते सोमवारात मोजले नव्हते.

शिक्षण संपलं. एका कंपनीने घेतलं, पण हजर व्हायची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, मग त्यांनी कळवणंच बंद केलं. मी सोलापूरला परत आले. सकाळी उठून जागांसाठी अर्ज करायचे, दुपारी अम्मासोबत पानं कापायला बसायचे. सोमवारचे दोनशे तेव्हाही येत राहिले, ते अर्जांच्या फीसाठी असतील असं मी धरून चालले. इंजिनिअर पोरगी पान कापते हे बघायला गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून यायच्या. मला त्याची लाज वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू, मला कसलीच लाज वाटायला सवड नव्हती. मी महिने मोजत होते. बारा होते, नऊ राहिले, पाच राहिले, दोन राहिले.

मग बँकेचं पत्र आलं. मी दारातच उघडलं. घेतलेले साडेतीन लाख आता पावणेपाच लाखांच्या घरात गेले होते. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं; त्यात सवलत मिळवायचा एक कागद दरवर्षी द्यायचा असतो म्हणे, त्याची मुदत कधी आली नि कधी गेली ते आम्हाला कळलंच नाही. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू, असं शेवटी लिहिलं होतं. मी उंबऱ्यावर बसले.

"किती हाय?" अम्माने आतून विचारलं. मी आकडा सांगितला.

"चुकलंय त्यांचं," ती शांतपणे म्हणाली. "कमी व्हायला पायजे. मी भरलंय की."

ती उठली, पदराला हात पुसले, आणि कपड्यांच्या ट्रंकेतून जुना पावडरचा डबा काढून माझ्यापुढे उपडा केला. त्यातून बँकेच्या स्लिपांच्या जुड्या पडल्या. पैसे भरताना फाडून देतात ते शिक्क्याचे अर्धे कागद. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या, विडीच्या दोऱ्याने विडीच्याच गाठीने बांधलेल्या. नऊ जुड्या आणि वर अकरा सुट्या. "सत्तेचाळीस हजार दोनशे," अम्मा म्हणाली. "शनिवारी पगार झाला की सोमवारी पान घ्यायला जाता जाता भरत होते. त्यो बँकेतला शिपाई पुस्तक बघून स्लिप लिहून द्यायचा. पाच वरसांत सणसूद, आजारपण एवढंच चुकलं."

मी एक स्लिप उचलली. त्यावरचा नंबर माझ्या बचत खात्याचा होता.

आता मला जे कळलं ते अम्माला कळण्यासारखं नव्हतं. तिच्या लेखी एका माणसाचं बँकेत एक पुस्तक. त्यात पैसे टाकले की बँक आपली उचल स्वतः कापून घेणार, जसा कारखाना घेतो. कर्जाचं खातं वेगळं असतं, त्याचा नंबर वेगळा असतो आणि त्याला पुस्तकच मिळालेलं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण ती भरते आहे हेच मला माहीत नव्हतं. माझ्या लेखी ते डोशाचे पैसे होते.

"बँकेची काहीतरी चूक असेल," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की ते बोलून झाल्यावर मी तोंडावर हात ठेवला. अम्मा म्हणाली, उद्या पाण्याचा दिवस आहे, परवा जाऊ. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पाणी भरताना ठरवलं, आता सांगते. पानं भिजवताना ठरवलं, ही भिजली की सांगते. मी बँकेला भीत नव्हते, पावणेपाच लाखांनाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अम्माला भीत होते, आणि ती काही रागीट बाई नाही, हे माहीत असून भीत होते. तिचं ऐकून घेण्याची ताकद माझ्यात नव्हती. ती काय बोलेल ते माहीत असतं तर कदाचित सांगितलं असतं.

बँकेत जी अम्मा पाच वर्षांपूर्वी खुर्चीच्या टोकावर बसली होती, ती आता उभीच राहिली. साहेब तेच होते, केस पिकलेले. अम्माने नऊ जुड्या त्यांच्या टेबलावर मांडल्या, कारखान्यात मांडते तशा. आणि ती बोलायला लागली. एवढा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. "गरिबाला अक्षर येत न्हाई म्हणून काय बी लिवायचं व्हय? मी एकेक स्लिप जपून ठिवलीय. कुटं गेलं माझं पैसं? तुमी खाल्लं का मशीननं खाल्लं?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. साहेब "मावशी, बसा, मावशी, मी बघतो" म्हणत होते. मी तिच्यामागे उभी होते. एक शब्द बोलले असते तर ते थांबलं असतं.

साहेबांनी पुस्तक मशीनमध्ये घातलं. इतकी वर्षं आमच्या शाखेतलं ते छापायचं मशीन कधी चालू नसायचं, त्या दिवशी नेमकं चालू होतं. कर्र कर्र करत पानामागून पान छापलं. साहेबांनी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. पुस्तक त्यांनी माझ्या हातात द्यायला पुढे केलं, पण अम्माने ते मध्येच घेतलं. तिला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात.

ती बोट ठेवत खाली खाली गेली. एका रांगेत दोनशे, दोनशे, दोनशे. शेजारच्या रांगेत पाचशे, तीनशे, हजार. तिच्या कार्डावरही दोन रांगा असतात, आलेलं आणि गेलेलं. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कर्जात किती गेलं?" तिने साहेबांना विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"त्यात काही नाही मावशी. कर्जाचा नंबर वेगळा आहे."

ती पुस्तकात बघत राहिली. मग एका आकड्यावर तिचं बोट थांबलं. "हे अठराशे कशाचं?"

खोटं बोलायला मला खूप जागा होती. पुस्तकं, परीक्षेची फी, आजारपण. पण मी इतकी घाबरले होते की खोटं सुचलं नाही. "केस सरळ केले होते," मी म्हणाले.

अम्माने माझ्या डोक्याकडे बघितलं. दीड वर्ष झालं होतं, केस होते तसे परत कुरळे झाले होते. "कुटं हायत सरळ?" ती म्हणाली.

साहेब खाली मान घालून टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. अम्माने जुड्या पिशवीत भरल्या आणि निघाली. मी मागे. रिक्षा केली नाही. ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती, आणि ती एकदाही मागे वळली नाही. टॉवेलच्या कारखान्यांची खटखट दोन्ही बाजूंनी येत होती आणि त्या आवाजात मी रडून घेतलं. घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"तुला कवा कळलं?"

"परवा. स्लिपा बघितल्या तेव्हा."

"मग आज मला का वरडू दिलंस?"

पैशाचं ती काहीच बोलली नाही, ना तेव्हा, ना नंतर. "त्या माणसाला मी चोर म्हणाले," ती म्हणाली, "चार लोकांत. परत जा आनि माफी मागून ये. मग जेवाय ये."

मी गेले. तेवढंच चालत, तेवढ्याच उन्हात. साहेब म्हणाले, अहो असू दे, त्यात काय. आणि एका कागदावर कर्जाच्या खात्याचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. घरी आले तर अम्मा सगळ्या जुड्या सोडून बसली होती. दोरा तिने परत रिळाला गुंडाळला होता, कारण दोरा वाया घालवायचा नसतो. स्लिपा बंबात गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमचं अंघोळीचं पाणी त्यावर तापलं.

दोन महिन्यांनी मला पुण्यातच नोकरी लागली, ठरलेल्या पगाराच्या निम्म्यावर. पहिले दोन हप्ते नानांनी कारखान्यातून उचल घेऊन भरले, सही न करता, अंगठा उठवून. नंतरचे गेली पाच वर्षं मी भरते आहे. कधीच चुकवलं नाही, आणि याचं श्रेय हुशारीला नाही, भीतीला आहे. पगार जमा झाला की तासाभरात मी हप्ता वळता करते, मग जेवते. अम्माला मी शंभरदा सांगितलं की आता तू भरू नकोस. तिने कर्जाचा नंबर माझ्याकडून तिच्या विडीच्या कार्डाच्या पाठीमागे लिहून घेतला, आणि सोमवारी दोनशे भरणं काही थांबवलं नाही. अकरा आकडे तिला आता पाठ आहेत. मधूनच पुटपुटते.

यंदा माझी धाकटी बहीण बारावी झाली. मशीन गेलं त्या वर्षी ती जन्मलीसुद्धा नव्हती. तिला फिजिओथेरपीला जायचं आहे, एका खाजगी विद्यापीठात, जिथे सरकारची फीमाफी चालत नाही. सहा लाख. माझं कर्ज फिटायला अजून दोन वर्षं आहेत. सोबत सही कुणाची, तर माझी, कारण घरात पगाराची चिठ्ठी माझ्याकडेच आहे.

तिने मला सरळ विचारलं, "अक्का, कर्ज घेऊन फायदा झाला का गं तुला? खरं सांग."

मी तिला काय सांगायला हवं होतं? माझा पगार अम्माच्या वर्षभराच्या कमाईएवढा आहे, तो दर महिन्याला येतो, हे खरं. आमच्या कंपनीत या वर्षी दोनदा माणसं कमी केली आणि दोन्ही वेळा मी जागेवर बसून पिंपामागे लपलेली मुलगी झाले, हेही खरं. कर्ज नसतं तर मी आज कुठे असते ते मला नीट ठाऊक आहे. भिंतीला पाठ लावून असते. तरी माझ्या तोंडात नको हाच शब्द आला. इथेच सोलापुरात काहीतरी कर, म्हणणार होते. बहिणीच्या चेहऱ्यावर मला भीतीचा मागमूस दिसत नव्हता, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

अम्मा सुपातून मान वर न करता म्हणाली, "ती भीत न्हाई तर तू कशाला घालतीस भ्या? तुला मी घातलं होतं काय?"

घातलं नव्हतं. मी नाना, मशीन आणि ती दोन माणसं यांच्याकडून ते घेतलं होतं. अम्मा त्या वेळी माझ्याहून जास्त घाबरली होती, हे आता मला कळतं, आणि तरी तिने दहा बोटं एकेक करून ठेवली होती.

बँक दुसरी, साहेब नव्हे, एक तरुण मॅडम. बहीण मध्ये बसली, एका बाजूला अम्मा, एका बाजूला मी. मॅडमनी मशीन माझ्यापुढे सरकवलं. मी मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि नाव पुरं व्हायच्या आत टुंग वाजलं. पहिल्याच वेळी, पहिल्याच बोटाला. मला नको म्हणायलासुद्धा सवड मिळाली नाही.

"झालं?" अम्माने विचारलं.

"झालं."

तिने माझा हात ओढून घेतला आणि बोटाचं टोक उजेडाकडे धरून बघितलं. रेषा स्पष्ट होत्या. त्या कशाने राहिल्या आहेत ते आम्हा दोघींना माहीत होतं. मग तिने हात सोडला, ब्लाउजातून विडीचं कार्ड काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे ठेवलं.

"हिच्या कर्जाचा नंबर पडला की ह्याच्यावर लिव," ती म्हणाली. "खाली लिव. वर तुजा हाय."